काचेआडचा वाघ हळूहळू पांढरा होत असतो

नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममधून बाहेर पडणाऱ्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते, आत किती अंधार होता हो, नीट काही दिसलंच नाही, लाइटचं बिल वाचवतात वाटतं. मला दर वेळी त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं की बाबांनो तो अंधार आहे म्हणून तुम्हाला आज काहीतरी बघायला मिळालं. एकदा हे डोक्यात शिरलं की म्युझियमकडे बघायची नजरच बदलते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

केस, पिसं, कातडं यांचे रंग उजेडाने उडतात. उन्हातच ठेवावं लागतं असं काही नाही, साधा दिव्याचा उजेडही पुरतो, फक्त वेळ जास्त लागतो. आणि हे नुकसान साठत जातं, म्हणजे रात्री दिवे बंद केले म्हणून रंग विश्रांती घेऊन परत येत नाही. जेवढा उजेड पडला तेवढा हिशोबात धरला जातो, मग तो एका दिवसात पडो की दहा वर्षांत. म्हणून नाजूक नमुन्यांसाठी साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हा आकडा वापरतात. बाहेर भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, त्याच्यापुढे ५० म्हणजे काय ते बघा. त्यातून अल्ट्राव्हायोलेट गाळायचा, खिडक्यांना फिल्म लावायची, काही ठिकाणी माणूस समोर आला की दिवा लागतो आणि गेला की विझतो अशी सोय. एवढं करूनही झेब्र्याचे काळे पट्टे तपकिरी होतात, वाघाचा केशरी रंग फिका पडत पडत मळकट पिवळ्यावर येतो, आणि समोर उभं राहून मुलं विचारतात हा म्हातारा वाघ होता का? वाघ नव्हता हो म्हातारा, त्याचा शोकेस म्हातारा आहे.

यातली गंमत म्हणजे सगळेच रंग असे उडत नाहीत. मोराच्या पिसाचा निळा-हिरवा किंवा दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखरांचा तो चकाकणारा निळा, हे रंगद्रव्याचे रंग नाहीतच. पिसाच्या किंवा पंखावरच्या खवल्यांच्या अतिशय बारीक रचनेवरून उजेड असा काही परततो की आपल्याला निळं दिसतं. जोपर्यंत ती रचना शाबूत तोपर्यंत रंग शाबूत, त्यामुळे शंभर वर्षं जुना मॉर्फो आजही असा दिसतो की नुकताच कोणीतरी टाचणीला लावलाय. त्याच्याच शेजारच्या ट्रेमधलं पिवळं किंवा लाल फुलपाखरू मात्र फटफटीत झालेलं असू शकतं. पोपटाचा हिरवा तर अर्धा-अर्धा, निळा रचनेतला आणि पिवळा रंगद्रव्याचा, म्हणजे पिवळा उतरला की पोपट निळसर दिसायला लागणार. हे कळल्यापासून मी जुने पक्षी बघताना आधी मनात हिशोब करतो की यातलं काय खरं राहिलं असेल आणि काय उडालं असेल.

मग उडालेला रंग परत लावायचा का? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांचा हॉल आहे, १९४२ मध्ये उघडलेला. तिथले बायसन, अस्वलं, मूस असे फिके पडले होते की शेवटी त्यांनी मोठं काम काढलं आणि २०१२ मध्ये हॉल नव्याने उघडला. नवीन नमुने आणले नाहीत, तेच प्राणी, केसांवर रंगाचे अगदी पातळ थर देऊन पुन्हा जिवंत दिसतील असे केले, आणि दिवेही बदलले नाहीतर परत तेच. मला आधी हे ऐकून जरा कसंतरीच वाटलं होतं, म्हणजे हे मेकअप झालं ना. पण विचार केला तर दुसरा पर्याय काय, नवीन अस्वल मारायचं? त्यापेक्षा रंग बरा. फक्त अट ही की केसांना धक्का लागता कामा नये आणि कुठे काय केलं त्याची नोंद पाहिजे.

तिथे जे पेटीसारखे देखावे आहेत ना, मागे रंगवलेलं जंगल, पुढे खरा प्राणी, खाली पालापाचोळा, त्यांना डायोरामा म्हणतात, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव म्हणजे कार्ल एकली. १८९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या म्युझियममध्ये मस्करॅट नावाच्या पाणउंदरासारख्या प्राण्याचा देखावा केला, तो अजून तिथे आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी काय चालायचं तर कातडं सोलायचं, आत पेंढा, भुसा, चिंध्या जे मिळेल ते ठासायचं आणि शिवून टाकायचं. एकलीने मातीत आधी प्राण्याचं शरीर घडवलं, स्नायू, बरगड्या, पायावरचा ताण सगळं शिल्पकारासारखं, मग त्याचा साचा काढून आतून पोकळ हलका पुतळा बनवला आणि त्याच्यावर कमावलेलं कातडं चढवलं. म्हणजे आपण बघतो त्यात प्राण्याचं खरं किती, तर बाहेरचं कातडं, केस, शिंगं, खूर, बस. डोळे काचेचे, जीभ-नाक-ओठ बरेचदा मेण किंवा प्लास्टिकचे रंगवलेले, आत आता फोमचा साचा.

आणि ज्याने तो प्राणी जिवंत बघितलाच नाही त्याने काम केलं तर काय होतं याचा पुरावा लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये बसलाय. तिथला वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा तो अवाढव्य समुद्री प्राणी. कॅनडातल्या हडसन बे भागातून कातडं आलं, व्हिक्टोरियन काळातल्या कारागिराला वॉलरसच्या अंगावर घड्या असतात हे माहीतच नव्हतं, त्याने आपलं भरत भरत नेलं ते पार शेवटची घडी मोडेपर्यंत. आता तो फुग्यासारखा टम्म फुगून बसलेला असतो आणि लोक खास त्याला बघायला येतात. शास्त्राच्या दृष्टीने चूकच, पण आता त्याला दुरुस्त करायचं म्हटलं तर लोक भांडायला उठतील, आणि मीही त्यांच्याच बाजूने असेन. त्या काळच्या माणसाला दूरच्या प्राण्याबद्दल काय माहीत होतं याचाही तो नमुनाच आहे की.

बरं, उजेड हा सभ्य शत्रू, हळूहळू काम करणारा. खरा दरोडेखोर म्हणजे किडे. कार्पेट बीटलच्या जातीतला एक अगदी छोटा भुंगा आहे, दोन-तीन मिलिमीटरचा, त्याचं शास्त्रीय नावच अँथ्रेनस म्युझिओरम, म्हणजे म्युझियममधला, जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसने १७६१ मध्ये त्याची नोंद केली, म्हणजे तेव्हाही हे संकट सगळ्यांना चांगलंच माहीत असणार. भुंगा स्वतः निरुपद्रवी, फुलांवर जाऊन परागकण खातो. खाते ती त्याची केसाळ अळी. केस, पिसं, वाळलेलं कातडं, वाळलेले किडे, तिला काहीही चालतं. टाचणीला लावलेल्या भुंग्यांचा एखादा बंद ड्रॉवर दोन-तीन वर्षं कोणी उघडला नाही आणि आत एक मादी शिरलेली असली तर उघडल्यावर काय दिसतं, टाचण्या, चिठ्ठ्या आणि तळाशी तपकिरी पावडर. संपलं. म्हणून ड्रॉवर उघडला की आधी नमुन्याखाली भुकटी पडलीये का ते बघतात.

यावर जुन्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे विष. फ्रान्समधल्या मेट्झ गावचा बेकूर नावाचा औषधविक्या होता, १७७७ मध्ये वारला, त्याने आर्सेनिक, साबण, कापूर, चुना वगैरे घालून एक लेप केला, कातड्याच्या आतल्या बाजूला चोळायचा. कृती त्याने जिवंतपणी कोणाला सांगितली नाही, नंतर ती छापली गेली आणि जगभर पसरली, विसाव्या शतकातही बराच काळ लोक ती वापरत होते. आणि उपाय इतका चालला की आज आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले पक्षी आहेत ते बऱ्याच अंशी त्या विषामुळे. पण आर्सेनिक कुठे जात नाही ना! ते अजून त्या पिसांत, त्या कातड्यात आहे, वर्षानुवर्षांत बाहेरही झिरपतं. वाळलेल्या वनस्पतींच्या शीट्सवर पाऱ्याचं क्षार लावायचे, नंतर डीडीटी हे कीटकनाशक आलं, डांबरगोळ्या तर होत्याच. त्यामुळे जुना पेंढा भरलेला प्राणी दिसला आणि जवळ कोणी नाही म्हणून गोंजारायचा मोह झाला तर कृपया नको. शोकेस प्राण्याला आपल्यापासून वाचवतो हे खरं, पण आपल्यालाही प्राण्यापासून वाचवतो. कलेक्शनमध्ये काम करणारे लोक ग्लोव्ह्ज घालतात ते यासाठी, आणि मोठ्या म्युझियममध्ये हातात धरायचं एक्स-रे यंत्र असतं, ते नमुन्यासमोर धरलं की आत आर्सेनिक किंवा पारा आहे का ते सांगतं.

आता विष जवळपास सुटलंय, त्याच्या जागी फ्रीजर आलाय. बाहेरून येणारी कोणतीही वस्तू, अगदी दुसऱ्या म्युझियमकडून आलेली असली तरी, आधी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळायची आणि उणे ३० डिग्रीला तीन दिवस किंवा उणे २० ला दोन आठवडे ठेवायची. गुंडाळायचं कारण, बाहेर काढल्यावर जे दव धरतं ते पिशवीवर धरावं, पिसांवर नाही. आणि थंड पटकन करायचं, कारण हळूहळू गार केलं तर काही किडे सावरून घेतात, महाबिलंदर असतात. बाकी कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे लावून कोण फिरतंय त्याची वही ठेवायची, खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले भुंगे दिसतायत का बघायचं, खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे नाहीत. अगदी रटाळ काम. पण ज्या संस्थेत हे रटाळ काम करणारा एक माणूस कमी केला जातो तिथे नुकसान कळायला पुढची पाच-सात वर्षं जातात आणि तोपर्यंत निर्णय घेणारा साहेब रिटायर झालेला असतो.

गंमत अशी की याच किड्यांचे चुलते म्युझियममध्ये पगारी नोकरीला असतात. डर्मेस्टेस भुंगे सांगाड्यावरचं मांस इतकं स्वच्छ खातात की वटवाघळाची बोटांची हाडंसुद्धा जागच्या जागी राहतात, जे उकळून किंवा केमिकलने जमणं अवघड. फक्त त्यांची खोली वेगळी, दारं पक्की, शक्य असेल तिथे इमारतच वेगळी. एक जरी सुटला तर बाकी कलेक्शनचं काय होईल ते वर सांगितलंच.

आता बरण्या. मासे, साप, बेडूक, जेलीफिश असल्या मंडळींना वाळवून चालत नाही, त्यांना द्रवात ठेवावं लागतं. आधी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात पक्कं करायचं, फर्डिनांड ब्लूम नावाच्या जर्मन डॉक्टरच्या १८९३ मध्ये लक्षात आलं की या द्रवाने आपल्या बोटांची कातडी कडक होतेय, तिथून हे सुरू झालं. मग धुवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ऐकायला सोपं आहे, पण अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणजे बरणीतली पातळी जेवढी कमी दिसते त्यापेक्षा आतलं द्रावण जास्त पांचट झालेलं असतं. नुसतं वरून भरत राहिलं आणि मोजलं नाही तर एक दिवस आतला बेडूक सडायला लागतो. फॉर्मलिन जुनं झालं की आम्लधर्मी होतं आणि हाडं विरघळवतं, शिवाय डीएनए पार बिघडवतं, म्हणून आता आधी एक छोटा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये किंवा डीप फ्रीजरमध्ये वेगळा ठेवतात.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अशा बरण्यांच्या राज्यात एक ८.६२ मीटर लांबीचा महाकाय स्क्विड, म्हणजे ऑक्टोपसचा भाऊबंद, आहे, आर्ची म्हणतात त्याला. २००४ मध्ये फॉकलंड बेटांजवळ सापडला, गोठवून आणला, मग सगळ्यात पहिला प्रश्न हा की एवढं धूड वितळवायचं कसं, कारण जाड भाग वितळेपर्यंत पातळ सोंडा सडायला लागतील. सोंडांवर बर्फ ठेवून, धडावर पाणी सोडून चार दिवस ते चाललं होतं. बर्लिनच्या म्युझियमने मात्र वेगळाच विचार केला. त्यांच्या इमारतीचा एक भाग दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडला होता, तो २०१० मध्ये पुन्हा बांधला आणि त्यात काचेची एक अवाढव्य खोली करून जवळपास २,७६,००० बरण्या तिच्यात रचल्या. आत गारवा राखलेला, आपण बाहेरून काचेभोवती चालत जायचं. ते कुठलाही खास नमुना दाखवत नाहीत, ते साठाच दाखवतात. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत कोणी केलेली ही सगळ्यात हुशार मांडणी आहे, कारण कामाची जागा आणि प्रदर्शन एकच झालं.

द्रवाचा एक तोटा मात्र कोणालाच टाळता आला नाही, रंग. समुद्रातली गुलाबी-जांभळी जेलीफिश बरणीत गेली की पांढरा लगदा. म्हणून एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आणि रुडोल्फ ब्लाश्का या बापलेकांनी काचेच्या जेलीफिश, ऑक्टोपस, समुद्रफुलं बनवली आणि म्युझियमनी ती रांग लावून घेतली. पुढे हार्वर्डसाठी त्यांनी काचेची फुलं केली, १८८७ ते १९३६ तेच काम. आता ती काच तडकतेय, वरचा डिंक सुटतोय, म्हणजे नमुना टिकत नाही म्हणून केलेल्या प्रतिकृती टिकवायला आता वेगळे तज्ज्ञ लागतात!

शंख आणि दगड तरी टिकाऊ असतील असं वाटतं ना. शंख ओकच्या सुंदर लाकडी कपाटात ठेवले की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी पावडर धरते, १८९९ मध्ये बाइन नावाच्या माणसाने यावर लिहिलं, अजून त्याला बाइनचा रोग म्हणतात. आणि जीवाश्मात पायराइट हे लोखंड आणि गंधकाचं खनिज असेल आणि हवा दमट असेल तर आत चक्क सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि हाड फुटून भुगा होतो. बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये इग्वानोडॉन डायनासोर सापडले, त्यांच्या मागे हा रोग पहिल्यापासून लागलाय. त्यांना १८८२ पासून कांगारूसारखं उभं केलंय, तसं उभं करायला शेपूट खरं तर मोडावी लागली, आज माहीत आहे की ते असे उभे राहायचे नाहीत. पण हाडं आता इतकी नाजूक आहेत की परत सोडवून जोडायचं धाडस कोणी करत नाही, म्हणून ते तसेच काचेत उभे.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, फोटो काढून ठेवा ना, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी अंड्यांची गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात ब्रिटनमधले बहिरी ससाणे कमी व्हायला लागले, घरट्यात अंडी फुटलेली सापडायची. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश निसर्ग अभ्यासकाने जुन्या संग्रहातली अंडी काढून वजन-मापं घेतली आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं की १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कवचं एकदम पातळ झालीत, म्हणजे डीडीटी वापरात आलं तेव्हापासून. ज्यांनी ती अंडी छंद म्हणून गोळा केली होती त्यांच्या स्वप्नातही कीटकनाशक नव्हतं. तसंच २०१७ मध्ये शिकागोच्या दोन संशोधकांनी १३०० हून जास्त पक्ष्यांच्या पोटावरची काजळी मोजून १३५ वर्षांतला हवेतला धूर मांडला. क्वागा नावाचा झेब्र्याचा भाऊबंद, शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमला मेला, त्याच्या म्युझियममधल्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या मांसातून १९८४ मध्ये डीएनए काढला, नामशेष प्राण्याचा पहिलाच. यातलं काहीही फोटोतून निघालं नसतं. आणि यातलं काहीही चिठ्ठीशिवायही निघालं नसतं, कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी गोळा केला. चिठ्ठी हरवलेला सुंदर पक्षी म्हणजे नुसती शोभेची वस्तू, आणि पिसं झडलेला, एक पाय तुटलेला पण तारीख-ठिकाण असलेला चिमणीएवढा पक्षी म्हणजे सोनं.

म्हणूनच मोठ्या म्युझियममध्ये संग्रहाचा अगदी किरकोळ हिस्सा, एक टक्क्याहूनही कमी, बाहेर मांडलेला असतो. लोकांना यात लपवाछपवी वाटते. उलट आहे, जे बाहेर आहे त्याचा बळी दिलाय असं समजा, आणि तो मुद्दाम निवडून द्यावा लागतो. ज्याच्यावरून एखाद्या जातीचं वर्णन झालं तो मूळ नमुना कोणी शहाणा माणूस दिव्याखाली ठेवणार नाही.

अर्थात आत कपाटात ठेवलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१० मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेत आग लागली, ८० हजारांच्या आसपास सापांचा संग्रह, सगळा अल्कोहोलमध्ये, विचार करा. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचं नैसर्गिक इतिहासाचं राष्ट्रीय म्युझियम जळालं. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलमधलंच रिओचं राष्ट्रीय म्युझियम, दोन कोटींच्या घरात वस्तू. रिओचे पृष्ठवंशीय प्राणी आणि वनस्पती वाचल्या, कारण त्या आधीच दुसऱ्या इमारतीत हलवल्या होत्या. दोन इमारती, एवढंच. आणि तरी नवीन म्युझियमसाठी पैसे आले की आधी प्रवेशद्वाराच्या कमानीचं डिझाइन ठरतं, स्प्रिंकलर आणि फ्रीजरची यादी शेवटच्या पानावर.

प्रतिकृतीबद्दल लोकांचा राग मला कधी समजलेला नाही. खोटं आहे होय, म्हणून पुढे जातात. लंडनच्याच नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य हॉलमध्ये कित्येक वर्षं उभा असलेला डिप्लोडोकस प्लास्टरचा होता आणि पिढ्यान् पिढ्या मुलं त्याच्याकडे बघून डायनासोरवेडी झाली. २०१७ मध्ये त्याच्या जागी निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा टांगला, २५.२ मीटर, १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेलेली मादी, तोंड उघडून खाली झेप घेताना. तोही मला आवडतो, हाडं रंगाच्या बाबतीत बरीच सोशिक असतात त्यामुळे ते खरं लावलेलं चालतं. पण गेंड्याचं शिंग मात्र खरं लावू नये हे सगळ्यांना आता पटलंय. युरोपभर शिंगचोरांची टोळधाड चालू होती तेव्हा इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या म्युझियमने खरी शिंगं आधीच उतरवून तिथे नकली बसवली होती. ऑगस्ट २०११ मध्ये चोर आले, हातोडे घातले, रात्रीतून गेंड्यांची शिंगं उपटून पळाले. दोन्ही रेझिनची.